पाठ माझी, पिशवी जर्मनीची

माझी पाठ ही माझी स्वतःची आहे, असा माझा बेचाळीस वर्षे समज होता. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत तो दूर झाला. खात्याची परीक्षा मी त्या वर्षी चौथ्या खेपेला पास झालो (पहिल्या तीन खेपांबद्दल इथे बोलण्याचे कारण नाही, पेपर तपासणारीही माणसेच असतात), आणि पेढे घेऊन सासुरवाडीला, पारशिवनीला गेलो. सासूबाईंनी पेढा देवापुढे ठेवला आणि मला शांतपणे सांगितले की मी पास झालेलो नाही, मला पास करवले गेले आहे.

"मी महादेवाले बोलली होती," त्या म्हणाल्या. "जवाई पास झाले तं सोता आपल्या पाठीवर त्रिशूल घेऊन चौरागडावर येतीन. आन् त्रिशूल चढेपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाई."

महाशिवरात्रीला आमच्या भागातली माणसे पचमढीच्या महादेवाला जातात. ज्यांचा नवस असतो ते खांद्यावर लोखंडी त्रिशूल घेऊन चौरागडाच्या शेकडो पायऱ्या चढतात आणि वर देवापाशी तो ठेवून येतात. ही माणसे शेतात राबणारी, खाणीत खपणारी असतात. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक. आमच्याकडे जरा जाड फाइल आली तर ती उचलायला शिपायाला बोलावतात. परीक्षा मी द्यायची, त्रिशूल मी न्यायचा, आणि बोलणी मात्र परस्पर झालेली, हे मला जरा लागले. पण सासूबाईंचे नाव पार्वतीबाई. महादेवाशी त्यांचे घरगुती संबंध असणार असे समजून मी गप्प बसलो.

शिवाय त्यांच्या पायांकडे माझे लक्ष गेले होते. परीक्षेचा फॉर्म भरला त्या एप्रिलपासून त्या अनवाणी होत्या. नागपूर जिल्ह्यातला मे महिना त्यांनी तसाच काढला होता. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. अशा पायांपुढे माणूस वाद तरी काय घालणार.

नवस फिटेपर्यंत माझ्यावर नजर ठेवावी म्हणून त्या नागपूरला आमच्या घरी राहायला आल्या. येताना पारशिवनीच्या लोहाराकडून घडवलेला त्रिशूलही घेऊन आल्या. तो माझ्याहून चार बोटे उंच होता. न्हाणीच्या दाराशी तो टेकवून ठेवला होता, त्यामुळे रोज सकाळी तांब्या घेऊन जाताना माझी आणि त्याची गाठ पडे.

माझ्या बायकोने, म्हणजे पुष्पलताने, आपल्या भावाला पत्र टाकले. हा मार्तंड पश्चिम जर्मनीत इंजिनियर आहे. त्याच्याबद्दल आमच्या घरात एका विशिष्ट आवाजात बोलतात. त्याचे उत्तर आले: 'भाऊजींची पाठ मी पाहिली आहे. तिला आधाराची गरज आहे. इथे डोंगर चढणारे लोक वापरतात तशी पिशवी पाठवत आहे. तिचे सगळे भाग सुटे होतात. हवे ते लावा, नको ते काढा.' सुटे होतात हा त्या पिशवीचा मोठा गुण आहे असे त्याने दोनदा लिहिले होते. मार्तंड आमच्या मोहल्ल्यात कधी राहिलेला नाही, हे इथे लक्षात घेतले पाहिजे.

डिसेंबरात कस्टमच्या कचेरीतून चिठ्ठी आली की परदेशी पार्सल आले आहे, ओळख पटवून सोडवून न्यावे. शेजारचे भैयाजी माझ्याबरोबर निघाले. मी त्यांना बोलावले नव्हते. भैयाजी लाकडाच्या वखारीचे मालक आणि दरसाल महादेवाला जाणाऱ्या आमच्या मोहल्ल्याच्या जथ्याचे प्रमुख. सरकारी खिडकीपाशी एकट्याने जाऊ नये, असे त्यांचे मत आहे. मी स्वतः सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला एकोणीस वर्षे बसलेला आहे, हे मी त्यांना सांगून पाहिले. ते म्हणाले, "म्हणूनच तं येऊन राहिलो. तुम्हाले बाहेरून बोलाची सवय नाई."

खिडकीतल्या कारकुनाने पार्सल उघडले. निळ्या कापडाच्या पाच पिशव्या, ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या नळ्या, पट्टे, एक रुंद कंबरपट्टा आणि पुडीभर खिट्ट्या नि कड्या टेबलावर मांडल्या गेल्या. त्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

"हे काय होय जी?"

"पाठीवरची पिशवी."

"पिशवी होय तं नळ्या काहून?"

"पिशवीला आधार म्हणून."

"मंग यंत्र होय. यंत्र होय तं खिसे काहून?"

त्याच्या तक्त्यात कापडी सामानाचा एक रकाना होता, यंत्रसामग्रीचा दुसरा, आणि या दोहोंच्या मध्ये काही असू शकते याची सोय सरकारने केलेली नव्हती. मला त्याचा राग यायला हवा होता, पण येईना. मी स्वतः आयुष्यभर असेच प्रश्न विचारत आलो आहे आणि ते किती बिनतोड असतात हे मला ठाऊक आहे. त्याने साहेबांना बोलावले. साहेबांनी दोन कारकून आणखी बोलावले. शेवटी साहेब म्हणाले की वस्तू प्रत्यक्ष वापरून दाखवावी.

नळ्या जोडायच्या कशा हे कोणालाच कळत नव्हते. म्हणून मी कंबरपट्टा तेवढा बांधला, पाठीमागे नळ्या हाताने धरल्या आणि त्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली. एका बाईने मला बसायला स्टूल दिले.

"अरे, हा तं कमरेचा पट्टा होय," कारकुनाचा चेहरा उजळला. "माह्या काकालेही डाक्टरनं दिला आहे. रुग्णाचं साधन म्हणून लिहून टाका, आजच्या आज सुटते."

"लिहा, लिहा," भैयाजी म्हणाले. "यायची कमर तशीही गेलीच आहे."

मी सही केली. खाली छापले होते की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. दुपारचे दोन वाजले होते, तीन हेलपाटे झाले होते आणि माझ्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हते. एवढेच माझे त्या सहीबद्दल म्हणणे आहे.

घरी आल्यावर पुष्पलताने तो कागद मोठ्याने वाचला: 'कमरेचा वैद्यकीय पट्टा, सांगाड्यासह, रुग्णाच्या स्वतःच्या वापराकरिता.' स्वयंपाकघरातून पार्वतीबाई बाहेर आल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"जवाईबापू, कमर गेली तुमची? आन् आमाले सांगतलं नाई?"

मी सांगितले की कमर ठीक आहे, ते आपले पार्सल सुटावे म्हणून लिहिले आहे.

"सही कोनाची होय?"

"माझीच."

"मंग? सरकारी नोकर खोटी सही करते काय?"

या प्रश्नाला नोकरी आणि अब्रू दोन्ही शाबूत ठेवणारे उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही. मी जे काही पुटपुटलो ते त्यांनी जावयाचा मोठेपणा म्हणून घेतले. गेलेली कमर घेऊन हा माणूस माझा नवस फेडायला निघाला आहे आणि वर काही बोलतही नाही, असे त्यांनी शेजारी सांगितले. त्याच संध्याकाळी त्यांनी भात सोडला. अनवाणी पायांवर एवढी मोठी कमर पेलायची नाही, तेव्हा महादेवाला काहीतरी जास्तीचे द्यायला पाहिजे, असा त्यांचा विचार होता. पार्वतीबाईंना दात चारच. भात गेल्यावर त्यांना चावेल असे आमच्या घरात वरणाखेरीज फारसे काही उरले नाही. अर्धी भाकर दुधात कुस्करून त्या उठत. मला ते ताटावर दिसत होते. मी दोनदा खरे सांगायला गेलो, आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्या पाठीखाली उशी सरकवली.

मोहल्ल्यात बातमी पोचवायचे काम भैयाजींनी केलेच होते. दुसऱ्या दिवसापासून लोक समाचाराला येऊ लागले. कोणी मोहाचे तेल आणले, कोणी कामठीच्या एका हाड बसवणाऱ्याचा पत्ता. मी उठून उभा राहिलो की चार हात पुढे येत. कमरेने धडधाकट असणे इतके अवघड असते हे मला तेव्हा प्रथमच कळले.

पिशवी जोडायची कशी हा प्रश्न तसाच होता. सोबतचा कागद जर्मन भाषेत होता. मोहल्ल्यात जर्मन येणारे गृहस्थ एकच, ते म्हणजे नत्थूजी. लढाईच्या काळात ते फौजेत स्वयंपाकी होते आणि इटलीत सहा महिने त्यांनी जर्मन कैद्यांना वरण वाढले होते. त्यामुळे त्यांच्या जर्मनमध्ये 'बस', 'आणखी' आणि 'पुढे चल' एवढेच शब्द होते. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि तो दोन्हीकडून सारखाच कठीण आहे असे सांगितले. मग ते चित्रांवर गेले.

पहिल्या जोडणीत पिशवी पाठीऐवजी पोटावर आली. "जर्मन मानूस सामान डोयासमोर ठेवते," नत्थूजी म्हणाले. "मोठा हुशार गडी." दुसऱ्या जोडणीत ती पाठीवर आली, पण तोंड खाली करून. तिसरीला तीन तास लागले. पूर्ण झाल्यावर सात खिट्ट्या उरल्या. त्या जास्तीच्या देतातच, असे नत्थूजींनी सांगितले आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. फ्रेमच्या तळाशी नळ्यांची एक आडवी घडवंची होती. ती पाटासारखी उघडे आणि परत मिटे. कागदावरच्या चित्रात एका जर्मन माणसाने तिच्यावर लाकडाचा ओंडका ठेवला होता आणि तो हसत होता. पाठीवर ओंडका असताना माणूस कशाला हसेल हे आम्हा कोणालाच उमगले नाही.

भैयाजी म्हणाले, "नवी वस्तू होय. पूजा नाई केली अजून?"

नव्या सायकलीची पूजा होते, शिलाईमशीनची होते, भैयाजींच्या वखारीतल्या करवतीचीही दसऱ्याला होते. तेव्हा पिशवीलाच वगळायचे कारण नव्हते. सासूबाईंनी नळ्यांना हळदकुंकू लावले, कंबरपट्ट्यावर अक्षता टाकल्या. भैयाजींनी नारळ हातात घेतला. मी म्हणालो की दगडावर फोडू या. भैयाजींनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी करवतीची पूजा शेजारच्या घरी करायला सांगितली होती. ज्या वस्तूची पूजा तिच्यावरच नारळ, असे म्हणून त्यांनी तो वखारवाल्याच्या जोराने फ्रेमवर हाणला.

नारळ फुटला नाही. तो नंतर चटणीला दगडावरच फोडला. फ्रेम मात्र मधोमध वाकली आणि घडवंचीची एक बाजू निखळून लोंबायला लागली. मग भैयाजी म्हणाले की बरे झाले, जी काय पीडा होती ती फ्रेमवर गेली.

फ्रेम घेऊन पुष्पलता आणि मी इतवारीत लहानूकडे गेलो. लहानू म्हणजे भांड्यांचे पोचे काढणारा. बोळात हातगाड्यांची गर्दी, आणि तिच्यातून मी डोक्यावर ॲल्युमिनियमचा सांगाडा घेऊन चाललेलो. दोन दुकानदारांनी मला पाणी गाळायचे यंत्र विकतो का म्हणून विचारले. लहानूने फ्रेम मांडीवर घेतली, चहूबाजूंनी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "कोन्या गंजाचे कान होय हे?" गंज म्हणजे आमच्याकडचे पातेले. एवढे मोठे कान ज्याला लागतात ते पातेले किती मोठे असेल, या विचाराने त्याच्या डोळ्यांत आदर दिसला.

तासाभरात त्याने नळ्या सरळ केल्या. घडवंची हलत होती हा त्याला दोष वाटला, म्हणून तिला चारी बाजूंनी असे रिव्हेट ठोकून दिले की ती पुन्हा कधी मिटायची नाही. "आता हत्ती बसवा," तो म्हणाला. मग त्याने सवयीने कोरायची छिन्नी उचलली. "नाव कोनतं टाकू?"

मी नको म्हणायच्या आत पुष्पलताने सांगूनही टाकले. आमच्याकडे भांडे घरात येते ते नाव घेऊनच येते, त्याला इलाज नाही. सांगाड्याच्या वरच्या आडव्या नळीवर, म्हणजे माझ्या मानेमागे चालणाऱ्या कोणालाही ठळक वाचता येईल अशा जागी, टिपक्याटिपक्यांच्या अक्षरांत उमटले: 'सौ. पुष्पलता हिला बंधू मार्तंड याजकडून सप्रेम भेट.' माझे नाव त्यात कुठे नव्हते. मी फक्त ती वाहायची होती.

आता सुट्या भागांचा गुण दिसू लागला. जथ्याची बैठक आमच्याच ओसरीवर झाली आणि भैयाजींनी एक साधा मुद्दा मांडला. "मनोहरराव, तुमच्या पाठीवर तं त्रिशूल राहीन. मंग त्याच्यावर झोळी कशी मावन?" हे खरे होते. म्हणून मोठी झोळी जथ्याच्या शिध्यासाठी गेली. बगलेचा एक खिसा नत्थूजींनी पानसुपारीसाठी मागून घेतला, दुसरा पुष्पलताने पर्स म्हणून हळदीकुंकवाला नेला आणि तो तिथे इतका गाजला की परत फ्रेमला लागायची शक्यता संपली. वरचा खिसा पूजेच्या सामानाला गेला. खालची वळकटी ठेवायची पिशवी कोणाकडे गेली हे मला अजून कळलेले नाही. एकदा बाजारात मी ती वांग्यांसह पाहिली. आणि कंबरपट्टा भैयाजींनी 'लावून पाहतो' म्हणून नेला. त्यांची कमर खरोखरच वीस वर्षांपासून दुखत होती. पट्ट्याने त्यांना चारच दिवसांत आराम पडला. महाशिवरात्री जवळ आली तेव्हा माझ्याकडे उरली होती नुसती फ्रेम, दोन खांदेपट्टे आणि मार्तंडाचे नाव.

जादा गाडीने छिंदवाड्यावरून आम्ही, सासूबाई आणि पुष्पलताही, पचमढीला पोचलो. वाटभर त्रिशूल गाडीच्या टपावर होता आणि कंडक्टरने त्याचे सामान म्हणून तिकीट फाडावे की देव म्हणून सोडावे यावर घाटभर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांच्या तळाशी नत्थूजींनी तो फ्रेमला सुताच्या दोरीने आवळून बांधला. "हर हर महादेव" झाले. मी चढायला लागलो.

पहिल्या शंभर पायऱ्यांत त्रिशूल दोन झाडांत आणि एका छत्रीत अडकला. पुढे माझ्यामागे चालणाऱ्या एका म्हाताऱ्याची टोपी मधल्या टोकाला लागून वर गेली आणि तिच्यासह मी कितीतरी पायऱ्या चढलो. लोक हात जोडत होते. मला वाटले माझ्या भक्तीला जोडताहेत, पण ते त्रिशुळाला होते. कंबरपट्टा नसल्याने सगळा भार खांद्यांवर येत होता. पट्टा बांधलेले भैयाजी माझ्यापुढे टणाटण चालले होते आणि वळून वळून मला श्वास कसा घ्यावा ते सांगत होते. मागून कोणीतरी दर दहा पायऱ्यांनी माझ्या मानेमागचा मजकूर मोठ्याने वाचत होते आणि "मार्तंडराव कोन होय गा?" असे विचारत होते.

तरीही मी चढत होतो. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटू लागले होते. दीड-दोनशे पायऱ्या उरल्या असतील तेव्हा पुष्पलताची हाक आली.

पार्वतीबाई कठड्याला टेकून खाली बसल्या होत्या. उजव्या टाचेची भेग फाटून पायरीवर रक्ताचे ठसे उमटले होते. किती पायऱ्या मागपासून, ते खाली पाहिल्यावर दिसत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी उठायचा एकदा प्रयत्न केला आणि परत बसल्या.

"तुम्ही व्हा पुढे, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "त्रिशूल चढला म्हंजे झालं. मी इथूनच हात जोडतो."

नवसाच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते. बोलणी त्रिशुळाची झाली होती, त्यांची नव्हती. मी वर जाऊन तो ठेवला असता, माझी सुटका झाली असती, आणि कोणी नाव ठेवले नसते. मी दोन पायऱ्या चढलोही. पण एप्रिलपासून अनवाणी चाललेले ते पाय दोनशे पायऱ्यांसाठी खालीच राहणार, आणि माझ्या एका सहीपायी भात सोडलेले ते माणूस वरच्या घंटा नुसत्या ऐकणार, हे मला बघवेना. मी परत आलो आणि नत्थूजींना दोरी सोडायला सांगितली.

"त्रिशूल काहून सोडून राहिले?" पार्वतीबाई घाबरल्या. "पाठीवरच न्या लागते. तसंच बोलली मी."

"पाठीवरच जाईल," मी म्हणालो आणि त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर बसलो. "तो हातात धरा, आणि तुम्ही या पाटावर बसा."

"जवायाच्या पाठीवर? लोक काय म्हंतीन?"

"बस वं माय," पुष्पलता म्हणाली.

भैयाजींनी कंबरपट्टा सोडला आणि माझ्या कमरेला बांधला. सासूबाई पाटावर बसल्या आणि नत्थूजींनी दोरीने त्यांना फ्रेमशी आवळले. मी कठडा धरून उठलो आणि थांबलो, कारण पाठीवर काही आल्यासारखे वाटेना.

"नीट बसा ना," मी म्हणालो.

"बसली न जी मी," मागून आवाज आला.

जे वजन लागत होते ते बहुतेक त्रिशुळाचे होते. दोन महिन्यांत हे माणूस इतके संपले होते आणि मी ताटाकडे पाहून गप्प बसलो होतो, कारण मला माझी सही सांभाळायची होती. मला माझी फार लाज वाटली. चढता चढता मी त्यांना सगळे सांगितले: खिडकी, रकाने, दोन फेऱ्या, सही. धाप लागत होती म्हणून तुकड्या-तुकड्यांत सांगितले. नत्थूजी मागून एक जर्मन शब्द सारखा ओरडत होते. त्याने मला जोर येत होता. त्याचा अर्थ 'बस, पुरे' असा होता, हे त्यांनी मला नंतर सांगितले.

वर पोचलो. खालच्या ओट्यापाशी मी कॅनव्हासचे जोडे काढले, सासूबाईंना पाठीवरच घेऊन आत गेलो आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्रिशूल तिथल्या हजारो त्रिशुळांत टेकवला. बाहेर आल्यावर मी त्यांना पायरीवर उतरवले. पुष्पलताने टाचेला पदराची पट्टी बांधली. कन्हानकडचा एक शेतकरी आमच्याकडे केव्हाचा पाहत उभा होता. तो पुढे आला आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले.

"माय होय काय गा तुही?" त्याने विचारले.

"नाही, या माझ्या..." मी सुरुवात केली.

"हो," पार्वतीबाई म्हणाल्या. "माहा पोरगा होय."

तो गेला. मग नवस फिटला, आता चप्पल घालायची, अशी पुष्पलताने आठवण करून दिली आणि सगळ्यांनी आपापले खिसे तपासले. सगळ्यांत मिळून पानसुपारी, शिधा, कापूर, कंगवा, पत्त्यांचा जोड इतके निघाले. चप्पल कोणीच आणली नव्हती. प्रत्येकाला ती दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात असेल असे वाटले होते.

उतरताना त्यांना पाठीवर घेणे माझ्या गुडघ्यांना जमणारे नव्हते. मी ओट्यापाशी जाऊन माझे जोडे आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "जवायाचे जोडे पायात घालू काय मी? पाप लागन."

"पाठीवर बसलेलं चालतं आणि जोडे चालत नाहीत का?" मी म्हणालो. दिवसभरात तेवढी एकच टीका माझ्या हातून झाली.

मग मान वळवून त्यांनी मंदिराच्या दाराकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"त्याच्या दारात बसून बोलली मी, पोरगा होय म्हनून," त्या म्हणाल्या. "आता ते खोटं नाई करता येत. सही तुही खोटी असन, माही नाई." आणि लुगड्याखालून पाय बाहेर आला. "आन इकडं तुहे जोडे."

नाड्या मीच बांधल्या. आठ नंबरच्या जोड्यांत ते पाय हरवून गेले होते, म्हणून दोन फेरे जास्त द्यावे लागले. पुष्पलताचा हात धरून माय उतरायला लागली, आणि रिकामी फ्रेम पाठीवर घेऊन मी अनवाणी मागे निघालो. चार पायऱ्या झाल्या असतील.

"खडे पाहून येजो गा," ती मागे न पाहता म्हणाली.